चौदावी नोंद

९ नोव्हेंबर, रविवार

भुंग्या,

सहा वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करावी हे कळत नाही. आशीर्वाद लिहिले तर म्हणशील, आली मोठी आशीर्वाद देणारी. नमस्कार लिहावा तर तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. म्हणून लहानपणचं नाव लिहिलं. बावन्नाव्या वर्षी तुला या नावानं कुणी हाक मारत नसेल. दिवसभर गुणगुणत घरभर फिरायचास म्हणून ते मीच ठेवलं होतं, तेव्हा त्यावर थोडा हक्क सांगते.

सात मतांनी हरलास हे पेपरात वाचलं. वाईट वाटलं. शंभर-दोनशेने पडला असतास तर दोन दिवसांत विसरता तरी आलं असतं.

आई तो पेपर हातात धरून कितीतरी वेळ बसली होती. मग म्हणाली, "माझं मत होतं म्हणून सातने. नाहीतर आठने हरला असता पोरगा." आणि चक्क हसली. तेव्हापासून जो भेटेल त्याला हेच ऐकवते. दूधवाल्याला सांगून झालं, खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला झालं, फोनवर मावशीला तर दोनदा. "एक मत तरी माझं आहे त्याच्यात," म्हणते. निकालाच्या दिवसापासून तिची भूकही सुधारली आहे.

मी त्या केंद्रावर स्वयंसेवक होते हे तू पाहिलं असशीलच. इस्पितळातली केसपेपरची खिडकी एकतीस वर्षं सांभाळली, निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, म्हणून नाव दिलं. तेव्हा आपल्या प्रभागातून तू उभा राहणार आहेस हे मला ठाऊक नव्हतं. माझं काम रजिस्टरवर होतं. नाव शोधायचं, खूण करायची, सही घ्यायची, बस. मशीन पलीकडे होतं. तिकडचं मला फारसं माहीत नाही.

चारच्या सुमाराला तू केंद्र बघायला आलास. शर्टाची कॉलर उसवलेली होती, कुणी सांगितलं नाही वाटतं तुला. "सगळं ठीक चाललंय ना?" असं तू खोलीला विचारलंस. मी जवळ होते म्हणून मीच म्हणाले, "हो साहेब." तू माझ्याकडे बघितलंस की माझ्या मागच्या फळ्याकडे, ते मला समजलं नाही.

आईची तब्येत बरी आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ताई

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भुंग्या,

रविवारचं पत्र टाकलेलं नाही. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, आणि ते पुस्तकांच्या फळीवर उभं करून ठेवलंय. जाता-येता दिसतं.

आज पुन्हा लिहायला बसले ते पेपरातल्या चार ओळींमुळे. आपल्या केंद्रावर चौदा मतं 'मतदारांच्या निष्काळजीपणामुळे' रद्द झाली असं छापलंय. उमेदवाराला तक्रार करायची असेल तर निकालापासून एकवीस दिवसांची मुदत आहे, म्हणजे अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत, असंही खाली आहे.

निष्काळजीपणा! माझं डोकंच फिरलं. ते मशीन ज्यानं आखलं त्याला एक दिवस माझ्या खिडकीत बसवायला हवं होतं.

तू उमेदवार, तुझं मत तू दुसऱ्या प्रभागात दिलंस, घाईघाईत दिलं असशील. म्हणून नीट सांगते. उंच पायांवर ताटाएवढा पडदा. त्यावर उमेदवारांची नावं. हव्या त्या नावावर बोट ठेवलं की ती पट्टी हिरवीगार होते, टुंग असा आवाज येतो आणि ठसठशीत अक्षरं उमटतात: 'आपली निवड झाली आहे. धन्यवाद.' पण मत अजून नोंदलेलं नसतं. त्यासाठी खाली कोपऱ्यात 'मत नोंदवा' असं एक बटण आहे, करड्या रंगावर करडी अक्षरं. ते दाबलं की पुन्हा टुंग. दोन्ही टुंग अगदी एकसारखे.

प्रशिक्षणाला आम्ही चाळीसएक जण होतो. मी हात वर केला. म्हटलं, "धन्यवाद आधीच कसं काय? धन्यवाद म्हटलं की माणूस निघतो."

प्रशिक्षक म्हणाला, "बाई, पूर्ण सूचना भिंतीवर लावलेली असते."

"भिंत कोण वाचतं?"

"ज्याला मत द्यायचंय तो वाचेल."

सगळे हसले. मी खाली बसले.

एकतीस वर्षं माझ्या खिडकीवर हातभर पाटी होती, 'आधी केसपेपर, मग रांग'. रोज निदान पन्नास जण त्याच पाटीवर कोपर टेकून विचारायचे, "केसपेपर कुठे मिळतो हो?" ती माणसं काही मूर्ख नव्हती. कुणाच्या खांद्यावर तापानं फणफणलेलं मूल असायचं, कुणाला स्वतःलाच धाप लागलेली असायची. अशा वेळी माणूस पाटी वाचत नाही, समोरच्याचं तोंड वाचतो. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

त्यात शाळेतली ती खोली पूर्वेची. सकाळी ऊन थेट पडद्यावर. हिरवी पट्टी तेवढी दिसायची, करडं बटण उन्हात विरघळून जायचं. मी केंद्रप्रमुखांना म्हटलं, मशीन हातभर सरकवू या. ते एरवी भूमिती शिकवतात. म्हणाले, "खडूनं चौकोन आखून दिलाय, त्याच्या बाहेर पाय जाता कामा नये." खिडकीला चादर लावायची तर लेखी परवानगी हवी. माझ्याबरोबर एक निवृत्त बस कंडक्टर होता, तो हळूच म्हणाला, "हे मशीन म्हणजे तिकीट फाडायच्या आधीच 'उतरा' म्हणणारं आहे." आम्ही दोघं हसलो. सकाळी साडेसातची गोष्ट, तेव्हा हसायला येत होतं.

रजिस्टरवर बसून एवढं सगळं कसं दिसलं असं विचारशील. दिसतं.

ताई

२० नोव्हेंबर, गुरुवार

भुंग्या,

मी रजिस्टरवर नव्हते. रजिस्टरवर कंडक्टर होता. मी मशीनपाशी होते, दाराच्या बाजूला, गळ्यात कार्ड अडकवून. हे आधीच्या दोन पत्रांत लपवलं. आता फळीवर तीन पाकिटं होतील.

मतदार मत न नोंदवताच गेला तर मशीनच्या डोक्यावर पिवळा दिवा लुकलुकतो. मतदार उंबऱ्याच्या आत असेल तर त्याला हाक मारून परत बोलवायचं. उंबरा ओलांडला असेल तर हाक मारायची नाही. बाहेर गेलेल्या माणसाला कुणी काय पढवलं असेल सांगता येत नाही, म्हणून तसा नियम आहे. मग केंद्रप्रमुखांना बोलवायचं, मी कार्ड लावायचं, 'मत रद्द' दाबायचं आणि वहीत लिहायचं: अनुक्रमांक, वेळ, दोघांच्या सह्या. मतदाराचं नाव नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर छापलंय, 'सोडून दिलेली मतं'. जसं काही लोक ती रस्त्यात टाकून गेले.

चौदा नोंदी आहेत. चौदाही ठिकाणी माझी सही आहे.

'मत रद्द' दाबताना पडद्याकडे बघू नये अशी सूचना आहे. बटण त्याच पडद्यावर. न बघता कसं दाबायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी बघितलं, भुंग्या. चौदाही वेळा बघितलं. अकरा वेळा तुझं नाव हिरवं होतं. तीन वेळा तुला हरवणाऱ्या त्या सिमेंटवाल्याचं.

अकरातून तीन गेले आठ. तू सातने हरलास. ती मतं धरली असती तर तू एका मतानं निवडून आला असतास. हे गणित मी सतराशे साठ वेळा केलंय, उत्तर बदलत नाही.

इतकी तुझीच कशी, याचं मला नवल वाटत नाही. मतदानाला सकाळी सातच्या ठोक्याला कोण येतं? म्हातारी माणसं. आणि आपल्या गल्लीतल्या कुठल्या म्हाताऱ्याच्या घरचा गळका नळ तू दुरुस्त केलेला नाहीस? निवृत्त सुतार आला होता, ज्याच्या न्हाणीघरात तू भर दुपारी दोन तास आडवा पडून पाईप बदललास. त्याच्या हाताला कंप आहे. त्यानं एका हातानं दुसरं मनगट धरलं आणि तुझ्या नावावर बोट टेकवलं. टुंग झाल्यावर इतका खूश झाला की मशीनला मान लववून गेला. त्याची नोंद तिसरी.

आता म्हणशील, मग पुढे होऊन सांगितलं का नाहीस. पडद्यावर जे दिसलं ते कुणाला सांगणार नाही अशी शपथ आम्ही घेतली आहे, हे एक. दुसरं असं की नाव देताना भरायच्या फॉर्मवर एक रकाना होता. उमेदवारी जाहीर झाल्यावर तो पुन्हा भरून मागितला. 'कोणत्याही उमेदवाराशी नातं असल्यास लिहा.' आपली आडनावं वेगळी, मला कुणी ओळखत नव्हतं. मी 'नाही' लिहिलं.

रागानं लिहिलं असं तुला वाटेल. तसं नव्हतं. खरं लिहिलं असतं तर त्यांनी मला घरी पाठवलं असतं. उमेदवार मतदानाच्या दिवशी केंद्रावर चक्कर मारतो, हे मला माहीत होतं. मला तुला बघायचं होतं. सहा वर्षांत एकदाही जवळून बघितलं नव्हतं.

मी हे बाहेर काढलं तर लोक म्हणतील बहीणच आत बसवली होती. त्यात तुझीच अब्रू जाईल. असं मी रोज स्वतःला समजावते, आणि अठ्ठावीस तारीख जवळ येते.

आई आज बाजारात भाजीवालीला सांगत होती, "नाहीतर आठने हरला असता." भाजीवालीनं तिला कोथिंबिरीची जुडी तशीच दिली. मी पिशवी धरून उभी होते.

ताई

२६ नोव्हेंबर, बुधवार

भुंग्या,

आता उरलंय ते लिहिते. मशीनचे दोष मी पोटभर लिहिले. ते सगळे खरे आहेत. पण अशीच मशीनं शहरभर होती, तेच करडं बटण, तोच टुंग. दुसऱ्या कुठल्या केंद्रावर दोनच्या वर मतं रद्द झाली नाहीत. आपल्याकडे चौदा. का?

खिडकीवर एकतीस वर्षं मी दिवसाला तीनशे वेळा एक वाक्य म्हणायची. केसपेपरवर शिक्का मारला की कागद सरकवायचा आणि म्हणायचं, "झालं, चला पुढे." घरीही तोंडात तेच. नवरा जेवून उठला की मी म्हणायची, "झालं, चला पुढे." तो चिडायचा. नंतर नंतर हसायला लागला होता.

त्या सकाळी रांग दारातून बाहेर गेलेली. मी मशीनपाशी उभी. टुंग वाजलं की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "झालं, चला पुढे." पहिला टुंग की दुसरा हे मी बघतच नव्हते. माणसं पडद्यासमोर जराशी घुटमळायची, माझ्या तोंडाकडे बघायची, आणि गळ्यात कार्ड अडकवलेली बाई झालं म्हणते म्हणजे झालंच असणार, असं धरून निघून जायची. मग पिवळा दिवा. मग मी कपाळाला हात लावून केंद्रप्रमुखांना म्हणायची, "बघा, लोक वाचतच नाहीत." तेरा वेळा म्हणाले. तेरा वेळा मला खरंच तसं वाटलं.

चौदावी आई होती.

तिला घेऊन शिंपीण आली होती. शिंपीण मागे रजिस्टरपाशी सहीला थांबली. आई माझ्यासमोर आली, ओळख दाखवली नाही. मीच घरी बजावून ठेवलं होतं, तिथे मला ताई म्हणून हाक मारायची नाही. चष्मा पुसला, नाव शोधायला वेळ लावला. टुंग झालं. मग ती माझ्याकडे वळली. अगदी हळू, चोरून विचारल्यासारखं विचारलं, "झालं का गं?"

आणि मी म्हणाले, "झालं, चला पुढे."

माझ्या आईला. चला पुढे.

ती गेली. दिवा लागला. तेव्हा कुठे माझ्या कानात माझाच आवाज शिरला. सगळ्या तेरा जणांची तोंडं एकदम आठवली, सुतारानं मान लववलेली आठवली.

दार उघडंच होतं. आई बाहेर दुसऱ्या पायरीवर बसली होती, धाप खाली बसेपर्यंत. मध्ये दहा पावलं. नुसतं "आई" म्हटलं असतं तरी ती वळली असती. केंद्रप्रमुख येऊन उभे राहिले. म्हणाले, "उंबऱ्याबाहेर ना?" मी म्हटलं, "हो." कार्ड लावलं. पडद्यावर तुझं नाव हिरवं, आणि त्यावर तिच्या बोटाचा तेलकट ठसा. सांधे दुखतात म्हणून निघताना मलम चोळलं होतं. मी 'मत रद्द' दाबलं. नऊ वाजून चाळीस मिनिटं. मग खिशातल्या फडक्यानं काच पुसली, कारण पुढच्या मतदारासाठी पडदा स्वच्छ ठेवायचा असतो.

त्यानंतर मी प्रत्येकाला "खालचं करडं बटण दाबा" असं घसा बसेपर्यंत सांगितलं. संध्याकाळी सहापर्यंत एकही मत रद्द झालं नाही. वहीत वेळा आहेत. सातपासून नऊ चाळीसपर्यंत चौदा, नंतर शून्य. कुणीही वही उघडली तर विचारेल, नऊ चाळीसला इथे असं काय बदललं? तुझ्या तक्रारीला एवढा एक कागद पुरेसा आहे, आणि तो कुठे बघायचा हे फक्त मला माहीत आहे.

हाक का मारली नाही, हे मी तुला सांगायची गरज नाही. सहा वर्षांपूर्वी इस्पितळात तू माझ्या खिडकीसमोरच होतास. बाबा बाकावर बसलेले, हातात चौसष्ट नंबरचा बिल्ला. तू म्हणालास, "ताई, त्यांना आधी घे, त्यांचा रंग बघ." मी म्हटलं, "सगळेच आजारी आहेत. नंबरानं येईल." मी नंबर पुकारत राहिले. एकोणसाठ म्हटलं आणि ते बाकावरून घसरले. तिसऱ्या दिवशी गेले. जिन्यात तू मला म्हणालास, "तू तुझ्या खिडकीतच राहा," आणि त्यानंतर बोलला नाहीस.

अर्ध्या तासानं फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले, हे मी आईला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, तुझ्या बायकोला फोनवर सांगितलं. डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नाही. विचारायची छाती झाली नाही.

दोन दिवस उरलेत. आईला सांगितल्याशिवाय मला पुढे काही करता येणार नाही, आणि ती अजून रोज ते वाक्य कुणाला तरी सांगतेच आहे.

ताई

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
निवडणूक कार्यालय, सकाळी साडेअकरा

भुंग्या,

हे पत्र गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला माझं अक्षर लागतं. ती याच बाकावर आहे, दोन जागा सोडून.

काल दुपारी तिला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. मी मशीन, बटण, दिवा, वही, सगळं सांगितलं. ती सोलत राहिली. मला वाटलं तिला समजलं नसावं. मग तिनं विचारलं, "म्हणजे माझं मत त्याला नाहीच मिळालं?"

"नाही."

"मी बाहेरच होते ना गं? पायरीवर?"

"हो."

"तुला दिसत होते?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीस?"

मी म्हटलं, "नियम होता, आई."

तिनं सोललेले दाणे आणि सालं एकाच ताटलीत ओतली. म्हणाली, "त्यांच्या वेळीही नियमच होता." सहा वर्षांत तिनं बाबांचा विषय माझ्यासमोर कधी काढला नव्हता. मला वाटायचं, तिनं माफ केलंय. ती फक्त बोलत नव्हती.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी आवरून बसली. पिशवीत चष्मा, औषधं, दोन जोड कपडे. भिंतीकडे बघून म्हणाली, "सही कुठे करायची ते दाखव. तिथून मी त्याच्याकडे जाणार."

आम्ही दहाला इथे पोचलो. मी जबाब लिहून दिला. मशीनपाशी मी होते, 'झालं' मी म्हणत होते, वहीतल्या वेळा बघाव्यात, असं सगळं. कुणाचं नाव हिरवं होतं ते लिहिलं नाही, ती शपथ पाळली. ते फक्त तुला लिहिलंय, आणि तेही लिहायला नको होतं. नात्याचा रकाना इथेही होता. मी 'भाऊ' लिहिलं. कारकुनानं वर बघितलं आणि विचारलं, "तेव्हा 'नाही' लिहिलं होतंत?" मी म्हटलं, "हो. खोटं लिहिलं होतं." माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल, त्याची काळजी तू करू नकोस.

मग आईचा जबाब. ती स्वतःच म्हणाली, "लिहा, मी विचारलं झालं का, आणि तिथल्या बाईंनी सांगितलं झालं." कारकुनानं विचारलं, "कोण बाई? ओळखता?" ती म्हणाली, "ही." माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं बोट केलं. सही मात्र सुरेख केली. मग त्याला विचारलं, "आता तरी झालं का?" तो हो म्हणाला. तरी ती उठली नाही. शिक्का मारून प्रत हातात पडेपर्यंत बसून राहिली.

नुसत्या आमच्या जबाबांनी काही होत नाही. तक्रार उमेदवाराच्याच सहीनं लागते, आज पाचच्या आत. तुझा जुना नंबर सकाळपासून लागत नाही, नवा माझ्याकडे नाही. म्हणून ही पाचही पत्रं आणि दोन्ही जबाबांच्या प्रती एका मोठ्या पाकिटात घालून आईजवळ देतेय. टॅक्सी सांगितली आहे, एकपर्यंत ती तुझ्याकडे पोचेल. पत्रं नंतर वाच, वाचू नकोस हवं तर. आधी सही कर आणि इकडे ये. खिडकी नंबर तीन. तिथे बसलेली बाई कागद घेऊन "झालं" म्हणेल. शिक्का आणि वेळ बघितल्याशिवाय हलू नकोस.

तक्रार करून तू निवडून येशीलच असं नाही. कारकून म्हणाला, रद्द झालेली मतं परत जिवंत होत नाहीत, फार तर त्या केंद्रावर पुन्हा मतदान घेतील. तसं झालं तर सुताराला कुणीतरी घेऊन जा. त्याला अजून वाटतंय की त्यानं तुला मत दिलं.

आईला रात्री उशी उंच लागते. गुडघ्याचं मलम पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. जिना चढताना तिला घाई करू नकोस, दर चार पायऱ्यांना थांबते. किती दिवस राहणार ते तिनं मला सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही.

टॅक्सी आल्याचं शिपाई सांगून गेला. आई उठून उभी राहिलीय, पाकिटासाठी हात पुढे केलाय. या बाकापासून कार्यालयाच्या दारापर्यंत साधारण पंधरा पावलं आहेत. ती दाराबाहेर गेली की मी तिला हाक मारणार आहे. पुढे काय बोलायचं ते सुचलेलं नाही. ती वळेल की नाही तेही सांगता येत नाही. वळली नाही तर पायरीपर्यंत जाऊन पुन्हा हाक मारीन.

ताई